मे महिन्यात बसवलेले फाटक : नागपुरातील एका सागवानी फाटकाचे प्रकरण

पश्चिम नागपुरात दाभ्याच्या बाजूला असलेल्या एका लेआउटमधील घराचे सागवानी फाटक सलग दोन पावसाळे अडकून बसले, आणि मधल्या उन्हाळ्यात त्याच्या दोन झडपांमध्ये एवढी फट पडली की कडी कोयंड्यात शिरेना. दुसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याला आठवडा उरला असताना, घरमालकांनी मला बोलावले. हे फाटक मोडीत काढून शेजाऱ्यांसारखे लोखंडी बसवावे की यावर काही इलाज आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. काकूंचे म्हणणे वेगळे होते. तान्ह्या पोळ्याला लेआउटमधली मुले आपापले लाकडी नंदी घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला येतील आणि आपल्या घरचे फाटक खांदा लावल्याशिवाय उघडणार नाही, हे त्यांना सहन होत नव्हते. लोखंडी फाटक मात्र त्यांना मुळीच नको होते.

काका सेवानिवृत्त आहेत आणि लाकडाच्या बाबतीत हौशी आहेत. साग त्यांनी स्वतः निवडला होता आणि तो बल्लारशाहचा होता, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत तीनदा सांगितले. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातून साग गेला, तेव्हापासून नागपुरात सागाचा विषय निघाला की हा दाखला येतोच, आणि त्यात खोटे काही नाही. या भागातला साग, ज्याला लाकडाच्या बाजारात अजूनही सीपी टीक, म्हणजे ब्रिटिशकालीन मध्य प्रांताचा (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) साग म्हणतात, खरोखरच उत्तम असतो. या प्रकरणात लाकडाच्या जातीचा दोष नव्हता आणि मिस्त्रींच्या हाताचाही फारसा नव्हता, तरीही फाटक फसले. म्हणूनच ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

फाटक कसे होते

दोन खांबांमधली मोकळी जागा सुमारे नऊ फूट. दोन झडपा, प्रत्येकी साडेचार फूट रुंद आणि पाच फूट उंच. प्रत्येक झडपेला चारही बाजूंनी चार इंच रुंदीची चौकट आणि त्या चौकटीच्या खाचेत बसवलेल्या दहा उभ्या फळ्या, ज्या जीभ आणि खाच करून एकमेकींत अडकवलेल्या, शिकंज्यात आवळलेल्या आणि पांढऱ्या गोंदाने चिकटवलेल्या होत्या. मागच्या बाजूला तिरपा दांडा होता. खालच्या भागावर पावसाचे पाणी उडू नये म्हणून बाहेरून नऊ इंच उंचीचा पत्रा ठोकलेला होता. बाहेरच्या बाजूला चकचकीत पॉलिशचे तीन हात, आतल्या बाजूला जेमतेम एक.

गृहप्रवेश पावसाआधी करायचा असल्यामुळे फाटक नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तयार झाले आणि नवतप्यातच बसले. दोन झडपांच्या मध्ये एक सूत आणि दोन्ही खांबांशी एकेक सूत, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीन मिलिमीटर फट ठेवली होती. त्या दिवशी पाहणाऱ्या प्रत्येकाने या बारीक फटीचे कौतुक केले असणार. आतल्या कपाटाच्या दाराला शोभावी अशी ती फट होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झडपा एकमेकींना टेकल्या आणि महिनाअखेरीस उघडेनाशा झाल्या. मिस्त्रींनी रंधा मारून मधल्या दोन्ही कडा मिळून अर्धा इंच उतरवल्या, आणि फाटक पुन्हा सुरेख चालू लागले. फेब्रुवारीत तीच फट पाऊण इंचावर गेली, एप्रिलमध्ये फळ्यांच्या सांध्यांतून रस्त्यावरची स्कूटर दिसू लागली. तेव्हा कडी लागावी म्हणून एका झडपेच्या कडेला पट्टी ठोकली, आणि जुलैत ती पट्टीच अडली. मिस्त्री मला म्हणाले, "भाऊ, लाकूड सागच आहे, पण पाणी लागलं की फुगते ना जी. दरवर्षी रंधा मारावाच लागते."

हे वाक्य नागपुरात मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि त्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावरून रंधा जेवढे काढतो तेवढे कायमचे जाते, आणि उन्हाळ्यात लाकूड आटले की आटण्याची फट आणि रंध्याने काढलेली जागा यांची बेरीज होते. दरवर्षी रंधा मारणारा माणूस दरवर्षी थोडे थोडे फाटक विकून खात असतो.

ऑगस्टमधील पाहणी

प्रथम ओळंबा सोडला. फाटक अडले की सगळा राग लाकडावर निघतो, पण नागपुरात खांब तपासल्याशिवाय लाकडाला दोष देऊ नये असे माझे ठाम मत झाले आहे. शहराचा पश्चिम भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीवर वसला आहे. पूर्वेकडे खडक आणि माती दोन्ही बदलतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात हात जाईल एवढी भेगाळते, आणि तिच्यात उथळ पाया घेतलेला विटांचा खांब तिच्याबरोबर हलतो. इथे उजवा खांब पाच फुटांच्या उंचीत सहा मिलिमीटर आतल्या बाजूला, म्हणजे फाटकाच्या दिशेने कललेला होता. डिसेंबरमध्ये पुन्हा मोजले तेव्हा तो कल दोन मिलिमीटरवर आला होता. फाटकाच्या फटी तीन-तीन मिलिमीटरच्या असताना एका खांबाने सहा मिलिमीटर खाणे ही किरकोळ बाब नव्हती.

त्यानंतर ओल मोजली. दोन सुया लाकडात टोचून ओल दाखवणारे छोटे यंत्र आता सहज मिळते. झडपांच्या मधल्या उंचीवर बाहेरच्या बाजूला १७ ते १८ टक्के, आतल्या बाजूला १५ ते १६ टक्के ओल होती. पत्र्याच्या वरच्या कडेशी आकडा २२ वर गेला. तेव्हा पत्रा काढायचे ठरवले.

पत्र्याचे खिळे पक्कड न लावता, नुसत्या पटाशीच्या टोकाने निघाले. सागातील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने प्रत्येक खिळ्याभोवती शाईसारखे काळे वर्तुळ पडले होते. पत्रा बाजूला होताच ओल्या पोत्यासारखा वास आला. फळ्यांच्या तळटोकांशी, खालच्या पट्टीच्या खाचेत, पाणी अक्षरशः साचलेले होते, कारण पत्र्याच्या वरून आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती आणि पत्र्यामुळे वाराही लागत नव्हता. तिथे ओल २६ टक्के होती. तिसऱ्या फळीची एक कड पिवळसर पांढरी होती, म्हणजे खोडाच्या बाहेरच्या कोवळ्या भागातून आलेली. तिच्यात टोच्या दाबला तर अर्धा इंच सहज आत गेला. तिच्याच उरलेल्या तपकिरी गाभ्याच्या भागात, बोटभर अंतरावर, तोच टोच्या सालपटापलीकडे जाईना. साग कुजत नाही असे आपण म्हणतो ते फक्त गाभ्याविषयी खरे आहे. पांढरा भाग सागाचा असला तरी कुजण्याच्या बाबतीत कोणत्याही साध्या लाकडासारखाच असतो, आणि ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला एवढे पुरते. पाण्यापासून रक्षण व्हावे म्हणून लावलेल्या पत्र्याने फाटकाचा हाच भाग सर्वांत आधी खाल्ला.

तिरपा दांडाही उलटा होता. लाकडी फाटकात तो खालच्या बिजागरीपासून निघून वरच्या, कडीकडच्या कोपऱ्याकडे चढला पाहिजे, म्हणजे झडपेचे ओझे दाबाच्या रूपाने खालच्या बिजागरीकडे उतरते. इथे तो वरच्या बिजागरीपासून खाली उतरत होता. लोखंडी सळईला असे ताणले जाणे मानवते. लाकडी दांड्याला मात्र टोकाच्या स्क्रूंवर लोंबकळावे लागते आणि स्क्रू हळूहळू आपले भोक मोठे करतात. डावी झडप त्यामुळे टोकाला तीन सूत खाली आली होती आणि सिमेंटच्या उतारावर घासत होती.

फुगण्याचा हिशेब

लाकूड हवेतील दमटपणाप्रमाणे ओल घेते आणि सोडते. ओल सुमारे २८ ते ३० टक्क्यांपर्यंत असते तोवर तिच्या प्रत्येक टक्क्यागणिक लाकडाची रुंदी बदलते. त्यापुढे पाणी कितीही वाढले तरी लाकूड आणखी फुगत नाही. सागाच्या बाबतीत, फळीच्या टोकाकडून पाहिल्यास वर्षवलये रुंदीला समांतर दिसत असतील तर ओलीच्या दर टक्क्याला रुंदी साधारण ०.१९ टक्के बदलते, आणि वलये रुंदीला उभी असतील तर साधारण ०.१० टक्के. लांबीच्या दिशेने मात्र बदल नगण्य असतो. साडेचार फुटांची आडवी पट्टी मे ते ऑगस्टमध्ये मिलिमीटरभरही वाढत नाही. सागाची ही हालचाल आपल्याकडच्या लाकडांत कमीच म्हणावी लागेल. ऐन वापरला असता तर आकडे याहून मोठे आले असते.

आता नागपूरची हवा पाहू. मे महिन्यात दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली जाते आणि तापमान ४५ अंशांना टेकते. अशा हवेत सावलीत ठेवलेले लाकूड रात्रंदिवसाचा मेळ बसून सहा टक्के ओलीच्या आसपास स्थिरावते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि तेच लाकूड, त्यावर पावसाचा थेंबही न पडता, १७ टक्क्यांपर्यंत जाते. फरक ११ टक्क्यांचा. एका झडपेतील फळ्यांची एकत्रित रुंदी ११७० मिलिमीटर होती आणि बहुतेक फळ्यांची वलये रुंदीला समांतर होती, म्हणून दर टक्क्याला ०.१८ धरले, तर एका झडपेच्या फळ्यांना २३ मिलिमीटर जास्तीची जागा हवी होती. दोन झडपांना मिळून ४६, म्हणजे जवळजवळ पावणेदोन इंच. संपूर्ण फाटकात फट होती ती तीन ठिकाणी तीन, एकूण नऊ मिलिमीटर.

काकांनी हा आकडा पाहून रास्त शंका काढली की फाटक तर पावणेदोन इंच फुगलेले दिसले नाही. ते खरे आहे, कारण फुगायला जागा नसलेल्या फळ्यांनी ती वाढ तीन प्रकारे जिरवली होती. काही वाढीने चौकटीचे सांधे उघडले. कोपऱ्यात दोन सूत फट दिसत होती. काही वाढीने फळ्या मधोमध बाहेर फुगल्या. आणि उरलेली वाढ फळ्यांच्या कडा एकमेकींवर दाबून चुरण्यात गेली. हा तिसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही, पण एप्रिलमधल्या फटींचे कोडे त्यानेच सुटते. दाबाखाली पेशी चेंगरल्या की ते लाकूड आटताना चेंगरलेल्या मापापासून आटते, त्यामुळे पावसाळा काढलेल्या घट्ट फाटकात पुढच्या उन्हाळ्यात पडणाऱ्या फटी त्याच्या जन्माच्या वेळी नसतात. मिस्त्रींना वाटले लाकूड नीट वाळलेले नव्हते. प्रत्यक्षात ते गरजेपेक्षा जास्त वाळलेले असताना आवळले गेले होते.

इथे सरासरीच्या आकड्यांविषयी थोडे सांगणे भाग आहे. इमारतीच्या लाकडात किती ओल चालेल हे सांगणारे आयएस २८७ हे भारतीय मानक वार्षिक सरासरी आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग करते, आणि घराच्या आतल्या कामाला तो आधार उत्तम आहे. पण नागपूरची वार्षिक सरासरी हा नागपुरात वर्षातले फारच थोडे दिवस अनुभवाला येणारा आकडा आहे. कोकणात पाऊस आपल्या तिप्पट पडत असेल, पण तिथली हवा उन्हाळ्यातही दमट असते, त्यामुळे रत्नागिरीच्या फाटकाला पाणी जास्त सोसावे लागले तरी हालचाल कमी करावी लागते. आपल्याकडे उलट आहे. आपल्या फाटकाचा वैरी पाऊस एकटा नाही. मे आणि ऑगस्ट यांच्यामधले अंतर हा त्याचा वैरी आहे. ज्या नागपूरकरांच्या खिडकीत कूलर आहे त्यांना हे न शिकवता ठाऊक असते: भर उन्हाळ्यात घरातली बाकीची दारे खुळखुळत असताना कूलरच्या खोलीचे दार तेवढे चौकटीत घट्ट बसते.

एकतर्फी पॉलिशचा भागही हिशेबात होता, मात्र तुलनेने लहान. बाहेरचा जाड थर उन्हाने सांध्यांवर तडकला होता, तडीतून शिरलेले पाणी त्याच थराखाली अडकत होते आणि आतली बाजू जवळजवळ उघडी होती. दोन्ही बाजूंची ओल वेगवेगळ्या वेगाने बदलल्यामुळे फळ्यांना पन्हळीसारखा बाक आला होता.

नवी रचना

फाटक लाकडीच ठेवायचे, पण लाकडाला अडवायचे नाही, असे ठरले. चौकटीचे लाकूड बहुतेक वापरता आले. फळ्या मात्र नव्या घ्याव्या लागल्या, कारण नव्या रचनेत त्या लांब हव्या होत्या. त्या लकडगंजातून घेतल्या आणि पांढरी कड असलेली प्रत्येक फळी परत केली. जुन्या फळ्यांचे चांगले तुकडे मिस्त्री घेऊन गेले आणि त्यातल्या एकाचा पुढे नातवाच्या नंदीला चाकांचा पाट झाला.

फळ्या ऑक्टोबरअखेरीस आणल्या आणि मधे आडव्या पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळेल अशी चळत रचून ठेवल्या. दर रविवारी त्यातल्या एकाच खुणेच्या फळीचे वजन केले. ज्यांच्याकडे ओल मोजण्याचे यंत्र नाही त्यांनी हा उपाय जरूर करावा: तीन आठवडे वजन हलले नाही की फळी त्या ऋतूच्या हवेशी जुळलेली असते. जानेवारीच्या सुरुवातीला यंत्राने १० टक्के दाखवले आणि कामाला सुरुवात झाली.

रचनेचा गाभा असा की झडपेची रुंदी फळ्यांनी ठरवायची नाही, आडव्या पट्ट्यांनी ठरवायची, कारण पट्ट्या लांबीत हलत नाहीत. दोन उभे दांडे आणि वरची पट्टी ४५ मिलिमीटर जाडीची ठेवली. मधली आणि खालची पट्टी २५ मिलिमीटरची, आतल्या बाजूला सरकवलेली, म्हणजे २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या वरच्या पट्टीच्या खाचेतून निघून या दोन्ही पट्ट्यांच्या पुढून सरळ खाली उतरतात आणि खालच्या पट्टीच्याही खाली थोड्या लोंबतात. त्यामुळे तळाशी पाणी साठवणारी खाचच उरली नाही. पट्ट्यांचे कुसू, म्हणजे टोकांना घडवलेल्या जिभा, उभ्या दांड्यांतून आरपार काढून बाहेरून पाचरी मारल्या. गोंद बाहेरच्या कामाचा इपॉक्सी वापरला, आणि सागाचा तेलकटपणा चिकटू देत नाही म्हणून प्रत्येक सांधा थिनरने पुसून लगेच जोडला. अशा रचनेत जानेवारी ते ऑगस्ट वाढतात ते फक्त चार इंचांचे दोन उभे दांडे: एका झडपेत अडीच मिलिमीटर. जुन्या रचनेतल्या २३ शी याची तुलना करावी. तो आकडा मेपासूनचा आणि हा जानेवारीपासूनचा, हा फरक लक्षात घेतला तरी ती पुरेशी बोलकी आहे.

फळ्या झडपेला बारा, प्रत्येकीचा दर्शनी भाग ९५ मिलिमीटर. दोन्ही कडांना अर्ध्या जाडीची खाच घेऊन एकीची कड दुसरीच्या मागे दहा मिलिमीटर जाते, त्यामुळे फट कमीजास्त झाली तरी आरपार दिसत नाही. गोंद कुठेही नाही. प्रत्येक फळीला मधल्या आणि खालच्या पट्टीवर एकेकच स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, तोही फळीच्या बरोबर मध्यरेषेवर, जेणेकरून दोन्ही कडा मोकळ्या राहाव्यात.

फट किती ठेवायची, यावर मिस्त्रींशी सर्वांत जास्त बोलणे झाले. त्यांना एक ठरावीक माप हवे होते आणि असे माप नसते. ९५ मिलिमीटरची फळी १० वरून १७ टक्क्यांवर गेली की १.२ मिलिमीटर वाढते आणि ६ टक्क्यांवर उतरली की ०.७ मिलिमीटर आटते. ऑगस्टमध्ये निदान सव्वा मिलिमीटर उरावे अशी अट घातली तर जानेवारीत अडीच ठेवावे लागतात. हेच फाटक मे महिन्यात जोडले असते तर सव्वातीन ठेवावे लागले असते, आणि ऑगस्टमध्ये जोडले असते तर सव्वा पुरले असते. तिन्ही फाटके वर्षभर अगदी सारखी वागतील. वेगळा असतो तो फक्त जोडण्याचा दिवस. आमच्याकडे फाटकाचे काम नेमके नवतप्यात येते, कारण प्रत्येकाला पावसाआधी ते हवे असते, आणि नेमके तेव्हाच लाकूड सर्वांत लहान असते व मिस्त्रीचा हात सर्वांत बारीक फट ठेवण्याकडे जातो.

दोन झडपांच्या मधली फट दहा मिलिमीटर ठेवली आणि ती बाहेरून एका झडपेवर बसवलेल्या झाकपट्टीने लपवली. तिरपा दांडा योग्य दिशेने, दोन्ही टोकांना पट्ट्यांमध्ये खाच घेऊन बसवला. पट्ट्यांच्या वरच्या कडांना पाणी उतरेल असा ढाळ दिला. फळ्यांची तळटोके जमिनीपासून तीन इंच वर ठेवली आणि बसवण्याआधी इपॉक्सीत भिजवून बंद केली, कारण लाकूड टोकाकडून जेवढ्या वेगाने पाणी पिते तेवढ्या वेगाने अंगाकडून कधीच पीत नाही.

खांबांचे काम गवंड्याने केले. उजवा खांब उतरवून त्याचा पाया काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली नेला, दोन्ही खांब जमिनीखाली काँक्रीटच्या तुळईने एकमेकांना बांधले आणि भोवतीची काळी माती काढून तिथे मुरूम भरला. बिजागऱ्या आटे असलेल्या खुंटीवर फिरणाऱ्या घेतल्या, म्हणजे खांब थोडाफार हललाच तर पान्याने सावरता येईल.

शेवटच्या हाताविषयी काकांचा आणि माझा मतभेद झाला. त्यांना पुन्हा आरशासारखी चमक हवी होती. उघड्यावरच्या लाकडाला जाड चकाकता थर देण्याच्या मी विरुद्ध आहे. तो तडकतो, पाणी आत घेतो आणि बाहेर सोडत नाही. विदर्भात पूर्वापार जवसाचे तेल लावतात, पण नुसत्या जवसाच्या तेलावर पावसाळ्यात काळी बुरशी येते आणि उन्हापासून त्याने फारसे रक्षणही होत नाही. म्हणून रंगद्रव्य आणि बुरशीनाशक असलेला, लाकडात मुरणारा तयार लेप दोन्ही बाजूंना सारखा लावला. त्याचा नवा हात दिवाळी ते संक्रांत या काळात द्यावा; मे महिन्यात तो मुरण्याआधीच वाळतो. जाता जाता एक इशारा: जवसाच्या तेलाने भिजलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप पेटते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर ही शक्यता आणखी वाढते. ते उघड्यावर पसरून वाळवावे.

पुढचे दोन पावसाळे

पहिल्या ऑगस्टमध्ये मधली फट दहाची सहा झाली होती आणि फळ्यांमधली फट सव्वा ते दीड मिलिमीटर होती. पुढच्या मे महिन्यात हेच आकडे बारा आणि तीन होते. फाटक दोन्ही वेळा एका बोटाने उघडत होते आणि रंधा पेटीतच राहिला. उजवा खांब ओळंब्यात होता.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. मे महिन्यात डाव्या झडपेची एक फळी खालून आठ इंच चिरलेली आढळली. स्क्रू मोजले तेव्हा उलगडा झाला: मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने मजबुतीसाठी म्हणून चार फळ्यांना दोन्ही कडांशी एकेक जास्तीचा स्क्रू मारला होता. दोन स्क्रूंमधले अंतर ८० मिलिमीटर, त्यातले आटणे जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तेवढे चिरायला पुरले. जास्तीचे स्क्रू काढले आणि ती फळी बदलली. बाकीच्या तीन फळ्या तोवर वाचल्या होत्या.

दुसरी अडचण रस्त्याकडून आली. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा तो प्लॉटपेक्षा अर्धा फूट उंच झाला, आणि आता पहिल्या मोठ्या सरीबरोबर रस्त्याचे पाणी फाटकाखालून अंगणात शिरते. दुसऱ्या पावसाळ्यात उजव्या झडपेच्या तळटोकांशी ओल २१ टक्के होती, बाकी सर्वत्र १७. फाटकाच्या ओळीत जाळीचा आडवा चर घेऊन ते पाणी बाजूच्या नालीत सोडले आहे, आणि त्या चार फळ्यांची टोके दिवाळीनंतर पुन्हा वाळवून बंद करायची आहेत.

वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला मिस्त्रींनी पेन्सिलने लिहून ठेवले आहे: "जानेवारी, ओल १०, फट अडीच." गेल्या नवतप्यात त्यांचा फोन आला. हिंगण्याकडे एका फाटकाचे काम त्यांनी घेतले होते, ओल मोजण्याचे यंत्र आता त्यांचे स्वतःचे होते, आणि मालक बारीक फटीसाठी हट्ट धरून बसला होता. "भाऊ, सहा दाखवून राहिलं," ते म्हणाले, "सव्वातीन ठेवतो ना जी?"